कैलासवासी मोरिओकांचे अकरा प्रश्न

१

तीन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसानं गेल्या आठवड्यात सत्यशीला घोळवेला अठ्ठेचाळीस पानांचं भाषांतर पाठवलं होतं, आणि तेही मुदतीच्या दोन दिवस आधी. जिवंत माणसं काही एवढ्या वेळेवर काम देत नाहीत!

सत्यशीला ती जर्मनीहून आलेली मेल तिसऱ्यांदा वाचत होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. खाली बीडच्या बसस्टँडावर कंडक्टर गेवराई, माजलगाव ओरडत होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर हिच्यासमोर ती मेल उघडी होती. बारा वर्षं पुण्यात काढून ती गावी परतली होती, स्वतःचं भाषांतराचं ऑफिस टाकून बसली होती. भाषांतर ती स्वतः करायची नाही. कुठल्या कामाला जगातला कोणता माणूस लागेल तो हुडकून काढायचा, हा तिचा धंदा.

आणि हे काम तर असलं होतं की हुडकणाऱ्याची फेफे उडावी. जर्मनीत ऑर्गन बनवणारा एक जुना कारखाना आहे. ऑर्गन म्हणजे आपली पेटी नव्हे. मोठ्या सभागृहात भिंतभर उभा असतो तो, हजारो नळ्यांचा. त्याला वारा पुरवतो चामड्याचा भाता. तो भाता कसा दुरुस्त करायचा यावर कारखान्याचे ऐंशी वर्षांचे उस्ताद लोरेंट्स यांनी बारा भागांचं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते जपानीत हवं होतं, कारण त्यांचे ऑर्गन जपानातल्या सभागृहांत बसवलेले. आता जर्मन येणारी माणसं जगात पोत्यानं आहेत, जपानी येणारी त्याहून जास्त. पण जर्मनमधून सरळ जपानीत नेणारा, आणि वर भात्याचं चामडं कळणारा? सगळं चाळून झाल्यावर चाळणीत एखादा खडा उरला तर उरला.

तो खडा अलमासनं शोधला होता. चोवीस वर्षांची पोर, ढोलकी-हलगी मढवणाऱ्या ख्वाजाभाईंची लेक, ऑनलाइन वर्ग करून जर्मन शिकलेली. पाच आठवडे तिनं जपानभर मेल पाठवल्या, ऑर्गनवेड्यांच्या वेबसाइटवर जाहिरात टाकली, आणि मोरिओका तादाशी नावाचे जर्मनचे निवृत्त प्राध्यापक मिळाले. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते.

मेल कारखान्याच्या व्यवस्थापक केसलरबाईंची होती. पहिला भाग त्यांनी तोक्योतल्या एका सभागृहात ऑर्गन सांभाळणाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, काम अप्रतिम आहे. पण मोरिओकांच्या अंत्यविधीला मी स्वतः उभा होतो, तीन वर्षं झाली. केसलरबाईंनी पुढं लिहिलं होतं: 'आज तुमच्या साडेचारला आपण बोलू. काम खरं कोणी केलं ते तेव्हा सांगा. नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावावर काम खपवणारे म्हणून तुमच्या ऑफिसचं आणि हा माणूस आणणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव आम्हाला सगळीकडे कळवावं लागेल.'

कर्मचारी म्हणजे अलमास. ह्या धंद्यात एकदा नाव काळ्या यादीत गेलं की संपलं. जगात कुठलंच दार मग उघडत नाही.

सत्यशीलानं मेल बंद केली, कोणालाच दाखवली नाही. बाहेरच्या खोलीत अलमास आणि परमेश्वर बसले होते. परमेश्वर सिरसाळ्याचा, आलेल्या अर्जांची छाननी करणं, पत्रं लिहिणं त्याच्याकडं.

"मोरिओका हयात नाहीत," ती एवढंच म्हणाली. "अलमास, तू त्यांना कधी बघितलंस?"

"न्हाई मॅडम."

"आवाज तरी ऐकलास?"

"न्हाई. ते म्हणले, फोन नको, लिहूनच कळवा."

२

"कुणाचा मुडदा पडलाय गं वर? जिना हलायलाय नुसता!"

राधाकिशनकाका आले की दार वाजवत नसत. इमारत त्यांची, दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि पस्तीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी केलेली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्या टेबलावरचा कागद उलट्या बाजूनं वाचायची खोड गेली नव्हती. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी तंबाखूची पुडी परत खिशात घातली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांना कळलं.

तिनं थोडक्यात सांगितलं, मोरिओका हयात नाहीत आणि साडेचारला जर्मनीला उत्तर द्यायचंय. काकांना इंग्रजी बेतास बात. जर्मन आणि जपानी म्हणजे तर त्यांच्या लेखी एकच.

"काका, ह्यात काही कोडं नाही बघा," परमेश्वर मधेच म्हणाला. "तीन साल झाले माणूस मरून. कुणी चोरानं त्याचा बायोडाटा उचलला, मशीनमधून भाषांतर काढलं अन् दिलं ठोकून. अलमासनं नीट बघायला पाहिजे होतं."

सत्यशीलालाही क्षणभर तसंच वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचीच चीड आली.

काका खुर्ची ओढून बसले. "चोर हाय म्हणतोस? बरं. पोरी, ह्या मोरिओकाची मेल कुठल्या पत्त्यावरून येती?"

अलमासनं दाखवलं.

"हाच पत्ता आणखी कुठं छापलेला गावतो का बघ. जुनं काई."

तिनं दहा मिनिटं खटपट केली आणि एकदम ताठ झाली. "काका! तेरा वर्षांपूर्वीची यादी हाय, जपानातल्या भाषांतरकारांची. त्यात मोरिओकांच्या नावापुढं हाच पत्ता हाय. हाच! अक्षर न् अक्षर!"

"म्हंजी चोर न्हाई," काका मांडी थोपटत म्हणाले. "चोर नवा पत्ता काढतो. जुन्या पेटीची किल्ली त्याच्याकडं कुठून येणार?"

"कराराचा कागद बघा ना," सत्यशीला म्हणाली. तिलाही आता राहवेना. "सही आहे त्यावर."

काकांनी कागद नाकाजवळ धरला. "सही कुठाय? हा तर शिक्का हाय. लाल, गोल."

"त्यांच्याकडं असाच मारतात, काका. आडनावाचा असतो. नुसतं मोरिओका."

"नुसतं आडनाव!" काकांचे डोळे लुकलुकले. "ज्याला फसवायचं असतं ना बाई, तो पूर्ण सही ठोकतो, चांगली लफ्फेदार. ह्यानं तेवढंच लिहिलं जेवढं खरं हाय. मेल मेलेल्याच्याच घरातून यायलीय."

३

साडेअकराला जिन्यात चपला वाजल्या. ख्वाजाभाई धापा टाकत आत आले. कोपरापर्यंत चामड्याचा चुरा, शर्टावर डिंकाचे डाग. पोरीनं फोनवर दोन शब्द रडत सांगितले तसे दुकान उघडं टाकून आले होते.

"मॅडम, माझी पोरगी खोटं न्हाई करणार. दोन साल घरात भांडून नोकरीला लावली मी तिला. तुमी बोला, काय झालं?"

सत्यशीलाला त्यांच्याकडं बघवेना. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग एकदम तिला काहीतरी सुचलं. "परमेश्वर म्हणतो मशीननं केलं. पण मशीन प्रश्न विचारत नाही! अलमास, ह्या माणसानं प्रश्न पाठवले होते ना काम करताना?"

"अकरा!" अलमास ओरडलीच. "अकरा प्रश्न, मॅडम! मी जर्मनीला पाठवले, उत्तरं आली, परत पाठवली. सातव्याचं उत्तर तेवढं यायचंय. ते लोरेंट्सआजोबा स्वतः देणार होते."

"वाच तो सातवा."

अलमास एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. "आकृती चारमध्ये भात्याच्या बिजागरीची पट्टी मेंढीच्या पोटाच्या कातड्यातून कापलेली दाखवली आहे. पोटाचं कातडं वाऱ्यानं ताणत जातं आणि वर्षभरात लोंबतं. ही पट्टी पाठीच्या कण्यालगत, लांबीनं कापायला नको का? आकृती चुकली आहे की मला समजलं नाही?"

ख्वाजाभाई खुर्चीतून उठले. "कोन हाय हा आदमी?"

"का हो?"

"मॅडम, ढोलकीला पोटाचं कातडं घातलं ना, तर आठ दिवसांत आवाज बसतो. हे किताबात वाचून कळत न्हाई. खराब करून करून कळतंय. तीस साल मी हेच करतो. ह्या आदमीनं कातडं हातात घेतलंय. एकदा न्हाई, हजार बार!"

काकांनी मोरिओकांच्या बायोडाट्याकडं बोट केलं. "अन् ह्यात काय लिव्हलंय?"

सत्यशीलानं वाचलं. विद्यापीठ, विद्यापीठ, विद्यापीठ. व्याकरणावरची दोन पुस्तकं. कारखाना नाही, हत्यार नाही, कातडं नाही. चाळीस वर्षं ह्या माणसानं खडूशिवाय काही हातात धरल्याची नोंद नव्हती.

"मग प्रश्न विचारले कुणी?" ती म्हणाली.

४

"आवक किती?" काकांनी विचारलं.

"अं?"

"अर्ज, गं! ह्या कामाला अर्ज किती आले? आवक कितीची, मंजूर किती, नामंजूर किती? का नोंदच ठेवत न्हाईत तुमी?"

नोंद होती. आलेल्या प्रत्येक अर्जाला संगणक आपणहून क्रमांक द्यायचा. अलमासनं यादी उघडली. एक मंजूर, मोरिओकांचा. सतरा नामंजूर. शेवटचा क्रमांक मात्र एकोणीस.

"अठराच व्हायलेत," काका म्हणाले. "मधला कोणता गेला?"

तिनं बोट खाली खाली नेलं. "चौदा. चौदावा न्हाईच इथं." ती आणखी काहीतरी दाबत राहिली आणि तिचा आवाज चढला. "मॅडम, काल संध्याकाळी मी यादी बघितली तवा होता तो! आजच पुसलाय. सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी!"

नऊ वाजता ऑफिसात कोण होतं? सत्यशीला दहाला आली होती, अलमास तिच्या मागून. किल्ली तिघांकडंही होती. तिची नजर परमेश्वरकडं गेली. तो खिडकीतून बसस्टँडाकडं बघत होता, जणू त्याची गाडी लागलीय.

"कॉम्प्युटर कधीकधी असं करतो, ताई," तो वळून न बघता म्हणाला. "लाइट गेलती ना सकाळी."

"लाइट गेलती, अन् कॉम्प्युटर तवा पुसायला चालू होता व्हय?" काका शांतपणे म्हणाले. सत्यशीला उसळून बोलणार होती, पण त्यांनी हात वर केला. "थांब बाई. आरडाओरडा केला की माणूस तोंड मिटतो. चौदावा अर्ज कुणाचा व्हता ते ज्यानं केला त्यालाच विचारू."

"त्याचा पत्ता कुठाय आपल्याकडं?"

"हाय की," काका म्हणाले. "ह्या गडबडीत तेवढाच अर्ज पुसलाय, म्हंजी तो मोरिओकाच्या घरचाच. रोज त्याला मेल धाडता तुमी."

५

एव्हाना दीड वाजला होता. तीन तास उरले होते, आणि काका निवांत बसून गोष्ट सांगू लागले. सत्यशीलाला वाटलं, ह्यांचा गळा धरावा.

"ऐक. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, अन् रान कुणाच्या वहिवाटीत, ह्या दोन गोष्टी येगळ्या. अर्ध्या जिल्ह्यात नाव आज्याचं हाय, अन् आजा जाऊन चाळीस साल झालीत. रान कसतीय सून. आता मी तलाठी म्हणून गेलो अन् विचारलं, बाई, रान कुणाचं? तर ती आज्याचंच नाव सांगणार. खोटं बोलती का? न्हाई. कागदावर तसंच हाय म्हणून सांगती."

"मग तुमी काय करायचे?" अलमास.

"मी बांधावर उभा राहून विचारायचो, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं? ज्याचं नाव हाय त्याला सांगता यायचं न्हाई. जी कसती ती पट्‌दिशी सांगायची." काकांनी ख्वाजाभाईंकडं मान वळवली. "मोरिओकाला नाव विचारू नका. ख्वाजाभाई, तुमी विचारा. कसणाऱ्यालाच ठावं असंल असं काईतरी."

ख्वाजाभाईंनी डोळे मिटले. मग म्हणाले, "त्याला पूछ बेटा. कातडं भिजवलं, वाळत घातलं. चिकटवायला तयार झालं, हे तुमी कशावरून वळखता?"

अलमासनं ते जर्मनमध्ये लिहिलं. खाली घातलं, 'हे माझे वडील विचारतात. ते ढोलक्या मढवतात.' आणि मेल गेली.

पाच मिनिटं. दहा. कोणी चहा प्यायलं नाही. सांगितलेला चहा टेबलावर साय धरून बसला. परमेश्वर दोनदा पाणी पिऊन आला. पंधराव्या मिनिटाला अलमास म्हणाली, "न्हाई येणार," आणि सोळाव्याला टुण्‌ असा आवाज झाला.

"वाच! वाच लवकर!"

"बोटांवर माझा भरवसा नाही," अलमास वाचू लागली. "वय झालं की बोटांना ओलं-कोरडं कळत नाही. मी कातडं गालाला लावतो. गार लागलं तर अजून ओलं आहे. गालाएवढंच ऊन लागलं की तयार. तुमचे वडील काय करतात?"

ख्वाजाभाईंनी चामड्याचा चुरा लागलेला हात आपल्या गालावर ठेवला. "अल्ला! मी बी गालालाच लावतो. माझ्या अब्बानं शिकवलं. हे कुणाला सांगितलं न्हाई मी आजपर्यंत."

"खाली फोटो आहे," सत्यशीला पुटपुटली.

फोटो उघडला. एका छोट्या कारखान्यातलं टेबल, मागं पातेलीत डिंक, भिंतीला टांगलेल्या सुऱ्या. आणि पांढरं कातडं गालाला लावून, ते किती सुकलंय हे लक्ष देऊन बघत असलेले मोरिओका तादाशी.

फक्त ते मोरिओका तादाशी नव्हते. सत्तरीची एक बाई होती.

६

आता नाव विचारायला हरकत नव्हती. सत्यशीलानं स्वतः इंग्रजीत लिहिलं, मनापासून लिहिलं: तुमचं काम फार मोठं आहे, तुमच्यावर आळ नाही, पण इथं एका मुलीचं नाव पणाला लागलंय, खरं काय ते कळवा. अर्ध्या तासात उत्तर आलं. सोबत पत्रांच्या प्रती होत्या.

बाईंचं नाव साचिको मोरिओका. तादाशींची विधवा. तरुणपणी सहा वर्षं जर्मनीतल्या एका ऑर्गनच्या कारखान्यात भाते शिवत होत्या, भाषाही तिथंच शिकल्या. लग्नानंतर पंचवीस वर्षं ऑर्गनची भाषांतरं त्या करायच्या, नवरा शुद्धलेखन तपासायचा, आणि पुस्तकावर प्राध्यापकाचं नाव पडायचं, कारण प्रकाशकांना पदवीवाला माणूस हवा असायचा. अलमासची जाहिरात वाचून पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला. चौदावा.

"अन् आपण तो नामंजूर केला," सत्यशीला हळूच म्हणाली. पदवीशिवाय कोणालाही घ्यायचं नाही, हा नियम तिनंच घातला होता. पुण्याहून सोबत आणलेला.

"पुढचं वाच," काका म्हणाले.

पुढं ऑफिसनं साचिकोबाईंना धाडलेलं पत्र होतं. 'आपल्याकडे पदवी नसल्याने अर्ज घेता येत नाही. घरात कोणी पदवीधर असल्यास त्यांच्या नावाने अर्ज करावा, काही अडचण येणार नाही.' त्यावर बाईंचा प्रश्न: 'माझे पती पदवीधर होते, पण तीन वर्षांपूर्वी वारले. तरी चालेल का?' आणि ऑफिसचं उत्तर, एका ओळीचं: 'चालेल. कागदावर नाव असले म्हणजे झाले.'

दोन्ही पत्रांखाली परमेश्वरचं नाव होतं.

अलमासनं ते काकांना बोट ठेवून दाखवलं.

"मला सकाळीच वाटलंतं," काका म्हणाले. "बाईनं मेल कुणाला दाखवली न्हवती. 'हयात न्हाईत' एवढंच बोलली ती. अन् तू माझ्यासमोर म्हणलास, तीन साल झाले मरून. कुणी सांगितलं बे तुला, तीन साल?"

परमेश्वर खाली बसला. "काका, आपल्याकडं चालतंच की हे! आमचा लाइटचा मीटर अजून पणज्याच्या नावावर हाय. गॅस आईच्या नावावर, ती जाऊन सहा साल झाली. मला वाटलं, बिचारीला काम पाहिजे, मार्ग सांगावा. खरंच मदत म्हणून लिव्हलं, ताई! काल संध्याकाळी केसलरबाईंचा ऑफिसला फोन आलता. मोरिओका जिवंत हाय का विचारलं अन् ठेवला. रात्रभर झोप न्हाई आली. सकाळी येऊन पुसून टाकलं."

"लिव्हलंस त्याचं मला काई न्हाई," काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अर्धा जिल्हा असंच लिहील. पण पोरीवर आळ यायलाय हे दिसत असताना गप बसलास. उलट बोट दाखवलंस तिच्याकडं. त्याचं काय?"

परमेश्वर रडू लागला. ख्वाजाभाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. सत्यशीलाला भयंकर संताप आला होता. आणि त्या संतापात अर्धा वाटा तिचा स्वतःवरचाच होता. सकाळी "आवाज तरी ऐकलास?" हे तिनं ज्या सुरात विचारलं होतं, तो सूर तिला आता ऐकू येत होता.

"अलमास," ती म्हणाली, "मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

चारला वीस कमी होते.

७

साडेचारला पडद्यावर केसलरबाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, चेहऱ्यावर सुरकुती नाही आणि हसूही नाही. त्यांच्या शेजारी पांढऱ्या मिशांचे लोरेंट्स बसले होते, हातात कागद घट्ट धरून.

सत्यशीलानं काहीच लपवलं नाही. नियम माझा, पत्र माझ्या ऑफिसचं. बाईंनी कोणाला फसवलं नाही. आम्ही लेखी सांगितलं तसं त्यांनी केलं. अलमासला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मग परमेश्वरला तिनं खुर्चीत बसवलं आणि त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, घाम पुसत, स्वतःच्या तोंडानं ते पत्र वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, "दोष माझा आहे, त्या मुलीचा नाही." वाचताना दोनदा अडखळला, पण वाचलं.

केसलरबाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग शेजारचे लोरेंट्स एकदम पुढं सरसावले आणि जर्मनमध्ये भडाभडा बोलू लागले. अलमासचे डोळे मोठे होत गेले.

"काय म्हणतायत? भांडतायत का?"

"सातवा प्रश्न!" अलमास कुजबुजली. "म्हणतायत, आकृती चार चुकलीय. तीस वर्षं झाली छापून, जर्मनीत एकाच्या ध्यानात आलं न्हाई. ज्या माणसाला हे कळलं त्याचं नाव काय का असेना, मला त्याच्याशी बोलायचंय, आत्ता!"

सत्यशीलानं आधीच कळवून ठेवलं होतं, साचिकोबाई तयारच होत्या. त्यांच्याकडं रात्रीचे आठ वाजले होते, अंगात तोच कारखान्यातला अंगरखा. दोन म्हातारी माणसं पडद्याच्या दोन चौकोनांत बोलू लागली, आणि दोनच मिनिटांत त्यांना बाकी कोणाचं भान राहिलं नाही. लोरेंट्सनी कातड्याचा तुकडा उचलला, साचिकोबाईंनी सुरी उचलली. ते काहीतरी म्हणाले, त्या तोंडावर हात ठेवून खळखळून हसल्या. केसलरबाईंनी चष्मा काढून पुसला.

"उरलेले अकरा भाग त्यांचेच," मग त्या सत्यशीलाला इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांच्या स्वतःच्या नावानं. पत्र लिहिणाऱ्या तुमच्या माणसाला मात्र आमच्या कामापासून लांब ठेवा. आणि मला सांगा, ह्या बाई आम्हाला वीस वर्षांत सापडल्या नाहीत. तुम्हाला कशा सापडल्या?"

'आमच्या ऑफिसनं शोधल्या' असं म्हणणं सोपं होतं. सत्यशीला उठली आणि खुर्ची मोकळी केली. "अलमास ख्वाजा शेख," ती म्हणाली. "तिनं शोधल्या. तिलाच विचारा."

अलमास बसली. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या जर्मन माणसासमोर जर्मन बोलायचं होतं. पहिलं वाक्य चुकलं, दुसरं निम्मं बाहेर आलं. आणि मग सुटलीच ती! हातवारे करत, मधेच हसत, कोणत्या वेबसाइटवर जाहिरात टाकली, किती मेल गेल्या, किती सभागृहांनी उत्तरच दिलं नाही, सगळं सांगत सुटली. लोरेंट्स मान डोलावत होते. दाराशी उभ्या ख्वाजाभाईंना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

काका त्यांच्या कानाशी लागले. "चांगलं बोलायलीय का हो?"

"मला काय कळतंय, तलाठीसाब," ख्वाजाभाई म्हणाले. "पर ते लोक चूप बसून ऐकायलेत बघा."

तेवढ्यात लोरेंट्सनी पेन उघडलं, कागद ओढला आणि काहीतरी विचारलं. अलमास बोलायची थांबली. तिनं वळून वडिलांकडं बघितलं, मग सत्यशीलाकडं, आणि तिला हसू आवरेना.

"काय? काय म्हणले गं?" ख्वाजाभाई पुढं आले.

"पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार लिहायचेत म्हणले, अब्बा. साचिकोबाईंना हुडकणारीचे," ती म्हणाली. "माझं नाव लिहून झालं. आता विचारतायत, बीड कसं लिहायचं."